अक्काच्या लेकीच्या लग्नाचा तांदूळ

त्या तांदळात मी एक पैसाही खाल्ला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत अजून दोन-चार घरं अशी आहेत, जिथं याबद्दल शंका आहे. त्यांतलं एक घर माझ्या घराला भिंत लावून आहे.

त्या घरात अक्का राहते. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. माहेर निपाणीच्या पलीकडचं, व्यापारी, शाकाहारी. नवऱ्याशी मराठी बोलायची आणि आई आली की तिच्याशी कानडी. सगळी गल्लीच तिला अक्का म्हणते. मी गडमुडशिंगीची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा माझा नवरा उद्यमनगरात लेथवर कामाला होता आणि त्याच्या पगारात महिना कधी पुरा व्हायचा नाही. म्हणून मी हप्त्यावर एक शिलाई मशीन घेतलं आणि परकर शिवायला लागले. पहिलं गिऱ्हाईक अक्कानं आणलं. माझं पहिलं बाळंतपणही तिनंच केलं, कारण माझ्या आईला सुगी सोडून येता येईना. हे सगळं मी विसरलेली नाही. विसरले असते तर पुढचं इतकं लागलं नसतं.

परकराचं कापड दुकानातून घेतलं तर हातात काही राहत नाही, हे मला पहिल्या सहा महिन्यांतच कळलं. मग मी एस्टीनं कबनूरला जायला लागले. तिथं यंत्रमागवाल्यांच्या दारात जाऊन कापड घ्यायचं. बाई माणूस एकटी आलेली बघून ते आधी हसायचे, मग भाव सांगायचे, मग मी बसून राहायची. उठायचंच नाही. एकदा नवरा सोबत आला, तर एक मागवाला त्याला म्हणाला, "पावणं, ह्यास्नी परकर शिवायला लावू नगा, वकील करा." तिथंच मी माल बघायला शिकले. कापडाचा तागा उलगडायचा आणि घडीवर बोट फिरवायचं. घडीवर पिवळी रेघ दिसली, की समजायचं हा गोदामात पडून राहिलेला माल. पडून राहिलेला माल मालकाला नको झालेला असतो. तिथं भाव पाडायचा, नाही तर माल सोडायचा. या एका नियमावर मी एका मशीनची चार मशीनं केली. कुणाच्या बापाची मदत नव्हती.

गल्लीला माझा उपयोग तेव्हाच कळला. सुगी झाली, की पाच-सहा घरांचा वर्षाचा तांदूळ एकदम आणायची पद्धत मी पाडली. टेम्पो करायचा, आजऱ्याकडे जायचं आणि शेतकऱ्याच्या खळ्यावरच घनसाळ घ्यायचा. घनसाळ म्हणजे आमच्या भागातला बारीक, बुटका, वासाचा तांदूळ. तो निवडायची माझ्या आजोबांची रीत होती, तीच माझी. चिमूटभर तांदूळ तळहातावर घ्यायचा, त्यावर तोंडाची गरम वाफ सोडायची, दोन्ही हातांनी चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. नवा असला तर वास डोक्यात जातो. वर्ष उलटलं की उडून जातो. म्हणून घनसाळ नवाच घ्यायचा. भात मऊ होतो, पण आमटी-रश्शाला आमच्याकडे मऊच भात लागतो.

"पावणं, नुस्ता वासच घेनार का तांदूळ बी न्हेनार?" एक शेतकरी दरवर्षी विचारायचा.

"वासाचे पैसे घेतासा व्हय? मग वास घ्यायला नको?"

त्याला माझ्याशी भांडायला आवडायचं असं मला वाटतं. भाव मात्र मी सांगेन तोच व्हायचा. घरी आल्यावर बायका अंगणात बसून तांदळाला एरंडेल चोळायच्या, पिंपं भरायच्या. प्रत्येक घराचे चांगले पैसे वाचायचे. पण "बरं झालं तू होतीस" असं एकीनंही कधी म्हटलं नाही. एखाद्या पोत्यात खडा निघाला, तर मात्र तो खडा माझ्या दारात आणून दाखवायच्या.

नव्वदीची मधली वर्षं असतील. अक्काच्या लेकीचं लग्न ठरलं. सासर सरहद्दीपलीकडचं, तंबाखूच्या व्यापारातलं, अक्कापेक्षा बरंच वर. अक्काचा नवरा पतपेढीत कारकून. स्थळ कसं जमलं याचंच सगळ्यांना नवल होतं. त्यांनी हुंडा मागितला नाही, सोनं मागितलं नाही. मुलाची मावशी बैठकीत एवढंच म्हणाली, "जेवनात तेवढा बासमतीचा पुलाव करा. आमच्यात आता मसालेभात कोन खात न्हाय."

मटणाचं जेवण असतं, तर भाताकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण अक्काच्या लोकांचं लग्न म्हणजे शाकाहारी पंगत. तिथं भात हाच पाहुणा आणि भात हाच यजमान. अक्का माझ्याकडे आली. बासमती तोवर आमच्या गल्लीत कुणी पोत्यानं आणला नव्हता. सणाला कधी अर्धा किलो, तोही कागदाच्या पुडीत.

"तांदूळ तूच बघ," अक्का म्हणाली. "मला त्यातलं कळत न्हाय आनि ह्यांच्या गळ्यात दुकानदार काय बी मारतोय."

तिनं पैसे दिले आणि मी एकटीच लक्ष्मीपुरीत गेले. चार दुकानं हिंडून पाचव्यात बसले. दुकानदारानं दोन पोती उघडून दाखवली. एकातला तांदूळ लांब, पण पिवळट, मेणचट रंगाचा. तळहातावर घेऊन वाफ सोडली, तर वास असा मंद, की आहे की नाही तेच कळेना. दुसऱ्यातला पांढरा स्वच्छ. त्यावर वाफ सोडायचीही गरज नव्हती. पोत्याचं तोंड उघडल्याबरोबर दुकान भरलं.

"लग्नाला ह्यो पयला न्या, वैनी," तो म्हणाला. "दोन वर्सांचा जुना हाय." आणि पिवळ्याचा भाव पांढऱ्यापेक्षा जास्त सांगितला.

"जुना महाग आनि नवा स्वस्त? तुमच्या दुकानात उलटी गंगा हाय व्हय?"

"बासमतीचं तसंच असतंय."

"माझ्याकडं बी कापड पडून पिवळं पडलं, की मी गिऱ्हाईकाला असंच काय तरी सांगते."

तो हसला. दुसऱ्यांदा आग्रह मात्र त्यानं केला नाही. "तुमची मर्जी. वास आवडला न्हवं? मग ह्यो न्या की."

मला वाटलं, त्याचा डाव मी ओळखला. मग पांढऱ्यावर घासाघीस सुरू केली. तो दोनदा चहा प्याला, मला एकदाही विचारलं नाही आणि शेवटी कंटाळून मी म्हटलेल्या भावावर आला. घरी येऊन उरलेले पैसे अक्काच्या हातात दिले. तिनं न मोजता कनवटीला लावले आणि पोत्याची शिवण उसवली. "अव्वा, काय वास गं," म्हणाली आणि लेकीला हाक मारून तिलाही वास दिला. त्या दिवशी आत-बाहेर करणारा प्रत्येकजण मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन बघत होता. मी भिंतीला टेकून उभी होते. असं सुख मला फार वेळा मिळालेलं नाही.

लग्नाच्या दिवशी आचाऱ्यानं पहिल्या पातेल्याचं झाकण काढलं तेव्हाही वास तसाच आला. पण त्यानं उलथनं घातलं ते उभंच राहिलं. दाणा वेगळा म्हणून नव्हता. काजू, मटार, गाजर सगळं एका लगद्यात रुतून बसलं होतं.

"तांदूळच असला हाय, मी काय करू?" आचारी म्हणाला.

"पाणी कुनी घातलं, मी?"

"दरवेळी घालतोय तेवढंच घातलंय."

"दरवेळी बासमती करतोस व्हय रं?"

आमचं वाजलं. दुसऱ्या पातेल्यात त्यानं पाणी कमी घातलं, तर खाली करपला आणि वर कच्चा राहिला. पंगत बसलेली होती. तेच वाढावं लागलं. मी दाराच्या फटीतून बघत होते. मुलाच्या मावशीनं पानातला गोळा बोटानं दाबला आणि शेजारणीला कानडीत म्हणाली, "अन्न अल्ल इदु, अंबली." भात नव्हे हा, आंबील. ओळीत हसू पसरत गेलं, पार टोकाला नवरा-नवरीच्या ताटापर्यंत. अक्काच्या लेकीला कानडी येत होती. तिचा हात ताटातच थांबला.

मी मागच्या कोठीच्या खोलीकडे वळले. आत अक्का परातीत लाडू लावत होती आणि तिची नणंद बोलत होती. अक्का तिला वन्सं म्हणायची.

"परकर शिवनाऱ्या बाईला तांदळातलं काय कळतंय," वन्सं म्हणत होत्या. "दुकानदारानं हातावर काय तरी टेकवलं असंल. त्याशिवाय असला माल कोन उचलतंय?"

मी उंबऱ्यात होते. अक्कानं वर बघितलं, मला बघितलं. मी वाट बघत राहिले. तिनं परात उचलली. "वन्सं, लाडू कमी पडत्यात का बघा," म्हणाली आणि माझ्या बाजूनं अंग चोरून बाहेर गेली.

बास, एवढंच. मी तिथं तोंड उघडलं असतं तर मांडव डोक्यावर घेतला असता. माझा आवाज सगळ्यांना माहीत आहे. पण लग्न अक्काच्या लेकीचं होतं. मी न जेवता घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्या पोत्यातला उरलेला तांदूळ रुमालात बांधून दुकानात गेले आणि पायरी चढायच्या आधीच सुरुवात केली. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं शांतपणे सांगितलं ते असं, की नव्या बासमतीच्या अंगात ओल असते, म्हणून वास दांडगा, पण शिजला की चिकटतो. दोन वर्षं ठेवला की तो आतून वाळतो, रंग उतरतो, मग पाणी पितो आणि शिजताना दुपटीनं लांब होतो. जुन्याचा भाव चढतो तो यामुळं.

"सांगितलं न्हवतं व्हय तुम्हाला?"

"सांगितलंसा. पन महाग माल खपवताना सांगत्यात तसं सांगितलंसा. मला कसं कळायचं, आज खरं बोलताय?"

त्यानं माझा रुमाल बांधून परत दिला. मी त्या पिवळ्या पोत्यातला एक किलो घेतला. भाव केला नाही. घरी येऊन अर्धा तास भिजवला, निथळला, तुपावर हलक्या हातानं परतला आणि शिजवला. झाकण काढलं तर सुया उभ्या राहाव्यात तसे दाणे. वासही होता, पण शिजल्यावर आलेला, शांत. मी तिथंच ओट्याशी उभी राहून एक-एक दाणा खाल्ला. राग इतका आला होता, की चव कळली नाही.

रात्रीच्या रश्शाबरोबर तोच भात नवऱ्याला वाढला. तो म्हणाला, "भात हाय का शेवया? रस्सा सगळा खालनं पळतोय." मी म्हटलं, "गप जेवा." पण त्याचंही बरोबर होतं. त्या तांदळाला आपला रस्सा धरता येत नाही. तो पुलावाचा तांदूळ.

त्यानंतरच्या सुगीला कुणी टेम्पोचं नाव काढलं नाही. मी आठ दिवस वाट बघितली. मग कळलं, की वन्संच्या नवऱ्यानं कुठून तरी सगळ्यांना तांदूळ आणून दिला. चढ्या भावानं आणला, त्यात तुकडा होता, खडे होते आणि कुणीही एक खडा त्यांच्या दारात नेऊन दाखवला नाही. मी एकटीनं माझ्यापुरता घनसाळ आणला. दारात कुणी डोकावलं, की मशीन जोरात मारायची.

अक्का मात्र होती तशीच राहिली. सणाला होळगी आणून द्यायची, पुरणपोळीला ते होळगी म्हणतात. माझ्या पोराला ताप आला, तर रात्रभर बसली. लग्नाचा विषय कधी काढला नाही. मला वाटायचं, तिला खरं काय ते माहीत आहे, फक्त नणंदेपुढं बोलायचं धाडस नाही. एवढ्या मोठ्या घरी मुलगी दिली, नणंदेच्या ओळखीनं दिली, तर तिला तोडून कसं बोलणार. हे मी समजून घेतलं होतं. मला तिच्याकडून एकच वाक्य पाहिजे होतं: हिनं काही खाल्लं नव्हतं. वन्संच्या समोर आणि मोठ्यानं. मी ते मागितलं नाही. कबनूरला मी शिकले होते, की सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. म्हणून मी थांबले.

पहिल्या दिवाळीला अक्काची लेक माहेरी आली. ती गेल्यावर अक्कानं सहज, भाजी निवडता निवडता सांगितलं, "तिकडं हिला अंबलीवाल्यांची म्हनत्यात. जेवताना चेष्टा करत्यात. मावशी तर रोज." माझ्याकडे न बघता सांगितलं. मी उठून मशीनवर बसले, पण टीप सरळ येईना. एकच परकर दोनदा उसवला.

मग मी बासमती शिकायचं मनावर घेतलं. कुणासाठी ते मला सांगता येणार नाही. जाईन त्या दुकानात पोत्यात हात घालायची. दाणा मूठभर घेऊन मूठ आवळायची आणि सोडायची. जुना असेल तर तो वाळूसारखा सुटतो, नवा तळव्याला चिकटून राहतो. रंग दुधाचा नको, सायीचा पाहिजे. दाणे एकसारखे पाहिजेत. लांबात आखूड दिसले, की समजायचं मिसळ केली आहे. दाताखाली धरला, तर कट्‌ करून तुटला पाहिजे, पीठ व्हायला नको. तळाशी हात घालून बघायचा, कारण वरचे चार किलो नेहमी चांगले असतात. आणि कच्च्या तांदळाचा वास घेऊन कधी भुलायचं नाही. नाक मागे ठेवायचं आणि डोळे, दात पुढं करायचे. शेवटी घरी मूठभर नेऊन शिजवून बघायचा आणि मगच बाकीचा घ्यायचा. दुकानदार कुरकुरतात. कुरकुरू देत.

दोन हजार साल उलटून गेल्यावर गल्लीत चकचकीत पिशव्यांतला बासमती यायला लागला. पिशवीवर महालांची चित्रं, आत काय ते दिसायचं नाही. बायका एक-एक करून माझ्याकडे पिशव्या आणायला लागल्या. "ह्यो कसा हाय गं, बघ की." मी पिशवी फोडून दाणे उन्हात धरून बघायची आणि सांगायची. तुकड्याची असेल तर बिर्याणीला नको, खिचडीला वापर. कुणाला घरात बसवून चहा दिला नाही, पण खोटंही सांगितलं नाही. माझी आता सहा मशीनं झाली होती. कामाला बायका होत्या. लोकांना वाटायचं, मी ते जुनं विसरले.

मग एक दिवस अक्का आली. लेकीच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं होतं. सोबत ती मावशी येणार होती. दोघी दोन दिवस अक्काकडे उतरणार होत्या आणि त्यांना भेटायला वन्संही येणार होत्या.

"पुलाव करनार हाय," अक्का म्हणाली. "तांदूळ तू बघून दे. पोरीनं इतकी वर्सं ऐकून घेतलंय. एकदा तरी त्या बाईच्या तोंडात नीट भात पडू दे."

मी मशीन थांबवलं. इतकी वर्षं मी आधी बोलले नव्हते आणि आता तीच माझ्याकडे काहीतरी मागायला आली होती. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

"देते की बघून," मी म्हटलं. "पन माझी एक अट हाय. वन्सं येतील न्हवं, त्यांच्यासमोर म्हनायचं, की त्या लग्नात हिनं काय खाल्लं न्हवतं."

अक्काला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती हसली. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगं, अजून ते धरून बसलीस व्हय? मी तर कवाच सोडून दिलं. मांडवातच सोडून दिलं. खाल्लं असशील तर खाल्लं असशील की. माझ्या लेकीसाठनं एवढी पळालीस, उन्हातान्हाची गेलीस. तुझा हक्कच होता तो. मी कधी एका शब्दानं बोलले काय तुला?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता, तर मला सोपं गेलं असतं. ती अगदी मायेनं बोलत होती. मला धीर देत होती.

मी सगळं धरलं होतं, पण हे धरलं नव्हतं. तिला ठाऊक असून ती गप्प बसली, असं धरून मी तिच्यावर रागावले होते. खरं म्हणजे ती गप्प बसली, ती मला सांभाळून घेण्यासाठी. तिनं वन्संचं बोलणं ऐकलं, खरं मानलं आणि परात उचलता उचलता मला माफ करून टाकलं. त्यानंतरची प्रत्येक होळगी, माझ्या पोराच्या उशाशी काढलेली ती रात्र, सगळं तिनं एका पैसे खाल्लेल्या बाईसाठी केलं होतं. मनात काही न ठेवता केलं होतं.

कबनूरच्या मागवाल्यांना मी रडवलं आहे. आचाऱ्याशी, दुकानदाराशी, स्वतःच्या दिराशी भांडले आहे. पण जी बाई मला दोष देतच नाही, तिच्याशी कोणत्या शब्दानं भांडायचं?

"अक्का, मी न्हवतं खाल्लं," मी म्हटलं.

"बरं बरं, न्हवतं खाल्लंस," ती म्हणाली. पडलेल्या पोराची समजूत काढताना आपण जमिनीला चापट मारतो, तसा तो आवाज होता. "ऊठ, जाऊया. दुपारी दुकानं बंद होतील."

मी उठले. मुलीचं नाव तिनं घेतलं होतं म्हणून उठले.

लक्ष्मीपुरीतलं ते जुनं दुकान सोडून आम्ही दुसरीकडे गेलो. मी तीन पोती बघितली. मूठ आवळली, सोडली, तळाशी हात घातला, दाणा दातानं तोडला. तिसरं पोतं उत्तम होतं. तसा तांदूळ मी स्वतःच्या घरीसुद्धा कधी नेला नव्हता. दुकानदारानं भाव सांगितला. तो कुठपर्यंत खाली येईल, हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. नेहमीसारखी बसले असते तर पाव तासात तिथवर आणला असता.

मी पायरी उतरून रस्त्यावर गेले. "अक्का, भाव तू ठरव," म्हटलं.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला भाव करता येत नाही. तिनं आयुष्यात केला नाही. ती दुकानदाराला "जरा कमी करा की" म्हणाली, तो "न्हाय परवडत, अक्का" म्हणाला आणि तिनं त्यानं मागितले तेवढे पैसे मोजून दिले. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. तोंड उघडण्यापासून मी स्वतःला कसं थांबवलं, ते माझं मला माहीत. एक गाडी हॉर्न वाजवत होती, तिच्याकडे बघत राहिले. उरलेले पैसे तिच्याच हातात गेले, माझा हात मध्ये आला नाही.

रिक्षात ती म्हणाली, "आज तू भाव केला न्हाईस ते?"

"घसा बसलाय," मी म्हटलं.

संध्याकाळी ती भिंतीपलीकडून आली ती हातात पितळी पेला घेऊन. आलं, मिरी, गूळ घालून काढा केला होता. "गरम हाय तवर पी," म्हणाली आणि समोर बसली. मी प्यायला सुरुवात केली.

"पानी किती घालू गं भाताला?" तिनं विचारलं.

पेला माझ्या ओठाला होता. एक वाटी जास्त सांगितली असती, तर बास झालं असतं. हे माझ्या मनात आलं आणि आलं म्हणूनच मी पेला खाली ठेवून तिला नीट सांगितलं. दोनदा धू, चोळू नको. अर्धा तास भिजव. चाळणीत निथळू दे. एक वाटी तांदळाला पावणेदोन वाट्या पाणी, आणि उकळतंच घाल. झाकण मधे काढायचं नाही. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही आणि मग उलथन्यानं नको, काट्यानं मोकळा कर. मग तिच्याकडून सगळं म्हणवून घेतलं. वाट्यांत ती चुकली, म्हणून परत म्हणवून घेतलं.

दारातून जाताना ती ते सगळं कानडीत पुटपुटत होती. काही नक्की लक्षात ठेवायचं असलं, की ती आपल्या आईच्या भाषेत ठेवते. उंबऱ्यावर थांबून तिनं मागे वळून बघितलं. "सगळा संपव," म्हणाली.

मी काढा संपवला. घशाला काहीच झालेलं नव्हतं.